पिसं काढलेला व्हेलोसिरॅप्टर

आमच्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये लोखंडी कपाटावर बुटांचा एक खोका ठेवलेला आहे. त्यात पिसं आहेत. बहुतेक कबुतरांची, काही कोंबडीची, दोन-चार सातभाईंची, सगळी डेटॉलच्या पाण्यात धुऊन वाळवलेली. सुट्टीला घरी गेले की पहिल्याच दिवशी माझी नजर त्या खोक्यावर जाते आणि मग मी उगाचच पंख्याचं बटण शोधायला लागते.

बरखेडा म्हणजे भोपाळमधल्या भेलच्या वसाहतीचा एक भाग. १९५६ मध्ये कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ होतं. आमचे आजोबा नगर जिल्ह्यातून तिथे फिटर म्हणून आले ते परत गेलेच नाहीत. आता पप्पा तिथेच आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी आणि मिस्सा ज्या भाषेत असेल त्या भाषेत, असं आमचं चालतं. भांडण सुरू झालं की मात्र आम्ही दोघं भावंडं सरळ हिंदीवर उतरतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे भांडण आहे. म्हणजे व्हायला हवं होतं, झालं नाही.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. मी एफ.वाय.ला, धाकटा आठवीत. त्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि त्यानं व्हेलोसिरॅप्टर करायचं ठरवलं होतं. आमच्या घरात या प्राण्याची ओळख करून द्यायची गरज नव्हती. ‘ज्युरासिक पार्क’ १९९४ साली हिंदीत डब होऊन आला तेव्हा पप्पांनी तो टॉकीजमध्ये पाहिला होता. त्यातला स्वयंपाकघराचा प्रसंग ते अजूनही उभे राहून करून दाखवतात. दोन मुलं ओट्याखाली लपलेली, दोन रॅप्टर फुसफुसत त्यांना शोधतायत. पप्पा हात छातीशी घेतात, तळवे खाली करतात आणि मान डुलवत फ्रिजपर्यंत जातात. लहानपणी मी खरंच रडायचे.

तर मला वाटलं होतं, धाकटा असंच काहीतरी करेल. उंच, खवल्यांचं, दात विचकलेलं. त्यानं केलं ते आमच्या जेवणाच्या टेबलावर मावत होतं, शेपटी तेवढी बाहेर. तारेचा सांगाडा, वर्तमानपत्राचा लगदा, एम-सीलच्या नख्या. आणि अंगभर पिसं. चिकनवाल्याकडून आणलेली, टाकीखालून गोळा केलेली. आजीनं ती दोनदा धुवायला लावली होती. हातांना तर चक्क पंखच लावलेले.

मी हसले. “हा काय मुर्गा केलायस?” एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी फोटो काढून स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, ‘आज का मेन्यू’. हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. त्यानं तो पाहिला. “ताई, तो असाच होता,” एवढंच म्हणाला. तुला कसं माहीत, असं मी विचारलंही नाही.

दोन दिवसांनी शाळेत निवड झाली. बघायला आलेले एक सर म्हणाले, “बेटा, यह तो मुर्गा लग रहा है. डायनासोर कहाँ है?” शनिवारपर्यंत नीट करून आण, नाहीतर नाव काढू, असं सांगून त्याला घरी पाठवलं. त्या रात्री मागच्या व्हरांड्यात बसून त्यानं एकेक पीस उपटलं. फेविकॉल वाळला होता, त्यामुळे पिसाबरोबर कागदाचे पापुद्रे निघत होते. आजी जपमाळ हातात घेऊन खुर्चीत बसली होती. तिचं चित्त काही प्रार्थनेत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “अरे, एवढ्या मेहनतीनं लावलीस ना?” तो काही बोलला नाही.

आणि मी? मी हिरवा रंग कालवून दिला. वर, पाठीवर जरा गडद हवा असा सल्लाही दिला.

त्याला दुसरं बक्षीस मिळालं. पप्पांनी जिलेबी आणली. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, की चला, वाया नाही गेलं. ते मॉडेल शाळेनं ठेवून घेतलं. अजूनही प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात ते हिरवंगार उभं आहे.

यानंतर मी कॉलेजला परत आले आणि सगळं विसरले. दुसऱ्या वर्षी कादंबरी आणि सिनेमा यावर प्रेझेंटेशन करायचं होतं. मी आळशीपणानं ओळखीचा विषय घेतला. मायकल क्रायटनची १९९०ची कादंबरी आणि स्पीलबर्गचा १९९३चा सिनेमा. वाचता वाचता कळलं, की सिनेमातला तो प्राणी व्हेलोसिरॅप्टर नाहीच. क्रायटनच्या डोळ्यांसमोर होता डायनोनिकस. येल विद्यापीठाच्या जॉन ऑस्ट्रॉमना तो १९६४ साली अमेरिकेतल्या मोंटानात सापडला, १९६९ साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं. लांबी अकरा फुटांच्या आसपास. १९८८ मध्ये ग्रेगरी पॉल या चित्रकार-संशोधकानं आपल्या पुस्तकात डायनोनिकसला व्हेलोसिरॅप्टरच्या कुळात घातलं. इतरांनी ते मानलं नाही, पण क्रायटननं ते नाव उचललं. नाव आहेच तसं, ऐकताच अंगावर येणारं. लॅटिनमधून त्याचा अर्थ होतो चपळ लुटारू. मग सिनेमावाल्यांनी त्याला फुगवून माणसाएवढा उंच केला. म्हणजे आपण सगळे ज्याला घाबरतो त्याचं नाव एकाचं, हाडं दुसऱ्याची आणि कातडी कुणाचीच नाही.

खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियाचा. गोबीच्या वाळवंटात १९२३च्या ऑगस्टमध्ये रॉय चॅपमन अँड्र्यूजच्या अमेरिकी मोहिमेला त्याची चेपलेली कवटी आणि एक वाकडी नखी सापडली. (आपल्या वाचकांना आवडेल म्हणून सांगते, याच मोहिमेबरोबर पुढे १९३० साली फादर तेयार द शार्दँ हे जेझुइट संशोधकही फिरले.) १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या हेन्री ऑस्बॉर्न यांनी त्याचं बारसं केलं. ऑस्बॉर्न ती नखी हाताची समजले होते, ती होती पायाची. चुकणाऱ्यांच्या यादीत मी एकटी नाही, हे वाचून जरा बरं वाटलं.

आता हा प्राणी डोळ्यांसमोर आणायचा तर सिनेमा विसरा आणि आमच्या बरखेड्याच्या चौकातला कुत्रा आठवा. वजन साधारण तेवढंच, पंधरा-वीस किलो. कमरेची उंची दीड फूट. लांबी सहा फुटांच्या आसपास भरते खरी, पण त्यातली बरीचशी शेपटी. ती शेपटी सरड्यासारखी वळवळणारी नाही, हाडांच्या लांब काड्यांनी ताठ केलेली, तोल सांभाळायला. तोंड लांबट, वरून किंचित खोलगट. छातीत पक्ष्यांना असतं तसं विशबोन. आणि हात? पप्पा करून दाखवतात तसे तळवे खाली करून ते लोंबकळत नव्हते. त्याचं मनगट तसं वळतच नाही. तळवे एकमेकांसमोर, टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे, आणि हात मिटायचे ते पक्ष्यानं पंख मिटावेत तसे.

पिसांचं म्हणाल तर धाकट्याच्या बाजूनं पुरावा आहे, आणि तो हाडात कोरलेला आहे. बऱ्याच पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर बारीक उंचवट्यांची एक ओळ असते. मोठी पिसं हाडाला जिथे पक्की बांधलेली असतात तिथे हे उंचवटे येतात. मंगोलियात १९९८ साली मिळालेल्या एका व्हेलोसिरॅप्टरच्या कोपराखालच्या हाडावर अॅलन टर्नर, पीटर मॅकोविकी आणि मार्क नोरेल यांना असे सहा उंचवटे सापडले, सारख्या अंतरावर. २००७च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ते ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं. उंचवट्यांच्या अंतरावरून हिशेब केला तर एका हाताला अशी चौदा मोठी पिसं बसतात. उडणं शक्य नव्हतं, हात फार आखूड. पण पंख होते. त्याच्या भाऊबंदांची पिसं तर चीनच्या ल्याओनिंग प्रांतातल्या दगडांत जशीच्या तशी उमटलेली आहेत. तिथे पहिला पिसांचा डायनासोर १९९६ साली जगापुढे आला, म्हणजे सिनेमा येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.

हे सगळं मी हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये वाचत होते आणि माझे कान गरम होत होते. धाकट्यानं आठवीत वाचलेलं मला एकोणिसाव्या वर्षी कळत होतं. तेही मार्कांसाठी वाचताना.

प्रेझेंटेशन झालं, चांगलं झालं. त्याला फोन मात्र केला नाही. काय बोलणार? फोटो डिलीट करून काही होत नाही, आणि त्या हिरव्या रंगाचं काय?

शिकारीबद्दल वाचायला मी मुद्दाम गेले नव्हते. पण एकदा खड्ड्यात पाय गेला की गेला. सिनेमात एक माणूस छोट्या मुलाला ती वाकडी नखी दाखवून सांगतो, की रॅप्टर पोट कसं चिरतो. ती नखी पायाच्या दुसऱ्या बोटावर असते, चालताना जमिनीपासून वर उचललेली. बाहेरच्या वळणावरून मोजली तर साडेसहा सेंटिमीटरच्या वर. २००५ मध्ये इंग्लंडच्या फिल मॅनिंग यांच्या गटानं तशा नखीचा यांत्रिक पाय बनवला आणि मेलेल्या डुकराच्या अंगावर मारून बघितला. चिरलं काहीच नाही. नखी आत घुसली, भोक पडलं, कातडी तिथेच गोळा झाली. थोडक्यात, ती सुरी नाही, आकडा आहे.

मग त्या आकड्याचं काम काय? २०११ मध्ये डेन्व्हर फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर आजच्या शिकारी पक्ष्यांत शोधलं. शिक्र्यासारख्यांच्या पायातही त्याच दुसऱ्या, म्हणजे आतल्या बोटाची नखी जास्त मोठी आणि वाकडी असते. आपल्यापेक्षा लहान भक्ष्यावर उडी घ्यायची, अंगाच्या वजनानं दाबायचं, नख्या रुतवून ठेवायच्या आणि वाकून तोंडानं खायला लागायचं. भक्ष्य धडपडतं, तोल जातो, म्हणून पंख फडफडवायचे. न उडणाऱ्या प्राण्याला पंख कशाला, याचं हे एक उत्तर. टोळीनं शिकार करण्याबद्दल बोलायचं तर व्हेलोसिरॅप्टरचा एकही टोळीचा पुरावा नाही. जे सांगाडे मिळतात ते एकेकटे. डोळ्यातल्या हाडाच्या कड्यांवरून २०११ मध्येच असंही अनुमान निघालं, की तो बहुधा रात्री फिरत असावा. मेलेलंही त्याला वर्ज्य नव्हतं. एकाच्या बरगड्यांत उडत्या सरीसृपाचं हाड सापडलंय, ते त्यानं शिकार करून मिळवलं असण्यापेक्षा मेलेल्याचं खाल्लं असण्याची शक्यता जास्त.

आणि एक जोडी आहे. तिचा फोटो मी बराच वेळ बघत बसले होते. १९७१ साली पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त मोहिमेला गोबीतच सापडलेली. एक व्हेलोसिरॅप्टर आणि एक प्रोटोसेरॅटॉप्स, हा मेंढीएवढा, चोचीसारख्या तोंडाचा शाकाहारी प्राणी. रॅप्टरच्या डाव्या पायाची नखी त्याच्या गळ्यापाशी, आणि रॅप्टरचा उजवा हात त्याच्या चोचीत, घट्ट चावलेला. तशातच वाळूचा ढिगारा कोसळला असावा. सात कोटी वर्षांहून जास्त काळ दोघांनी एकमेकांना सोडलेलं नाही. सिनेमात रॅप्टर नेहमी एका झटक्यात जिंकतात. इथे एका हट्टी मेंढरानं त्याचा हात धरून ठेवलाय.

‘आपल्याकडे होता का?’ हा प्रश्न मला वर्गातही विचारला गेला. नाही. त्या काळात आपला भूभाग आशियाला चिकटलाच नव्हता, समुद्रातून उत्तरेला सरकत होता. पण आमचं मध्य प्रदेश अगदीच रिकाम्या हातानं बसलेलं नाही. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर विल्यम स्लीमनला १८२८ मध्येच हाडं मिळाली होती. त्याच टेकडीतल्या हाडांवरून १९३३ मध्ये लेविसुकस इंडिकस या एका लहान मांसाहारी डायनासोरला नाव दिलं गेलं. तो व्हेलोसिरॅप्टरचा सख्खा नाही, फार लांबचा. आणि धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक गोल दगडांना काकड भैरव म्हणून पुजत होते, ती डायनासोरची अंडी निघाली. गावातल्या लोकांना तरी आत काहीतरी राखणारं आहे असं वाटलं होतं. मी पिसं बघून मेन्यू लिहिला.

यंदाच्या मेमध्ये घरी होते. आमच्या पॅरिशमध्ये उन्हाळ्यात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असतो, तो मी घेत होते. उत्पत्तीचा पहिला अध्याय. एका चिमुरड्यानं हात वर केला, “दीदी, डायनासोर किस दिन बनाए?” मी अडकले. दिवस म्हणजे चोवीस तास नव्हेत वगैरे सांगायच्या तयारीत होते, तेवढ्यात मागे स्पीकरची वायर गुंडाळत बसलेला धाकटा वर न बघताच म्हणाला, “पाँचवें दिन. चिड़ियों के साथ.” सरपटणारे प्राणी सहाव्या दिवसाचे, पक्षी पाचव्या दिवसाचे. फादर दारात उभे होते, ते मोठ्यानं हसले. मीही हसले. या वेळी तोही हसला.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. सकाळी साडेसहाला मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आंब्याखाली धप्प असा आवाज झाला. शिक्रानं होला धरला होता. शिक्रा काही मोठा पक्षी नाही, कबुतराएवढाच. होला खाली पालथा, एक पंख जमिनीवर आपटत होता. मी हातातला ओला टॉवेल घेऊन धावले. धाकट्यानं मागून मनगट धरलं. “रुक. बघ.”

मी बघितलं. शिक्रा काही करत नव्हता. चोच मारत नव्हता, गळा फोडत नव्हता. नुसता उभा होता, होल्याच्या पाठीवर, आणि पाय आवळत होता. होल्यानं धडपड केली की तो पंख अर्धे उघडून दोन-तीनदा फडफडवायचा, शेपटी जमिनीला टेकवायचा, परत स्थिर व्हायचा. लाल डोळे आमच्याकडे. मग त्यानं मान खाली घातली आणि पिसं उपटायला लागला. होला जिवंत होता. पिसं वाऱ्यावर आमच्या पायांपर्यंत येत होती.

“आतलं बोट बघ,” धाकटा कानाशी म्हणाला. “त्यानंच धरलंय.” तो मला फाउलरचा सिद्धांत समजावून सांगत होता, हळू आवाजात, हिंदी-मराठी मिसळून. मला माहीत आहे हे मी सांगितलं नाही. मी ऐकत राहिले. खरं म्हणजे वाचून जे माहीत होतं ते हे नव्हतंच. सिनेमातल्या त्या स्वयंपाकघरात मी किंचाळायचे, पण तिथे सगळं पटकन होतं. इथे काही पटकन होत नव्हतं. चार मिनिटं, पाच मिनिटं, कुणास ठाऊक. शेवटी होल्याचा पंख थांबला. शिक्रा त्याला घेऊन जड जड उडाला, भिंतीवरून, शेजारच्या रिकाम्या क्वार्टरच्या मागे. माझ्या हातातला टॉवेल तसाच होता, त्याचं पाणी पायावर गळत होतं.

“सॉरी,” मी म्हणाले. “त्या मुर्ग्याबद्दल.”

त्यानं खांदे उडवले. “चुकलं माझंपण होतं. मी एका हाताला बावीस लावली होती. चौदा पाहिजेत.”

“आणि हिरवा रंग?”

“तो तू कालवलास.” मग थोडं थांबून म्हणाला, “वाळवंटातला प्राणी हिरवा कशाला असेल, ताई? तेव्हाच बोलणार होतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू स्टेटस टाकलं होतंस ना.”

दुपारी त्यानं स्टुलावर चढून तो खोका खाली काढला. शाळा मॉडेल परत देणार नाही, दुसरं करायला लागणार आणि अकरावीत त्याला वेळ कुठून मिळणार, हे सगळं बोलून झालं. तरी आम्ही जमिनीवर बसून पिसं मापानं लावत होतो, पंखा बंद करून, घामाघूम होऊन. चौदा आणि चौदा, अठ्ठावीस हवी होती, सारख्या लांबीची. सव्वीस निघाली. आजी म्हणाली, टाकीखाली बघा जाऊन. तो उठला, पण टाकीकडे गेला नाही. अंगणात आंब्याखाली होल्याची पिसं अजून पडलेली होती.